तेरावी चूल

बनाबाई शाळेत कधी शिकली नाही आणि गेल्या अकरा वर्षांत तिची एकही शाळा चुकलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वेल्ह्याच्या डोंगरात, भोरची एसटी जिथं वळून परत फिरते, तिथं वरच्या वाडीच्या आणि खालच्या वाडीच्या मधोमध जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिच्या पडवीत बनाबाई एकोणपन्नास पोरांची खिचडी शिजवते. पडवी आणि सहावीचा वर्ग यांच्यामध्ये एक खिडकी आहे. तिला गज आहेत, पण गजांतून ऐकायला कोण अडवतंय? कांदा चिरता चिरता तिनं पृथ्वीचं फिरणं ऐकलं, राजांच्या लढाया ऐकल्या, झाडाच्या पानात अन्न कसं तयार होतं तेही ऐकलं. त्यातलं बरंचसं फोडणीच्या धुराबरोबर उडून गेलं, आणि तिनंही ते कधी अडवलं नाही.

त्या दिवशी मात्र खिचडी खालून लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

अम्रीन मॅडम गणित घेत होत्या. त्या रोज भोरहून स्कूटीवर यायच्या. वयानं बनाबाईच्या सुनेएवढ्या, आणि फळ्यावर लिहिण्यापेक्षा पोरांना उड्या मारायला लावण्यात त्यांना जास्त रस. त्यांनी पोरांच्या दोन रांगा केल्या होत्या. एका रांगेनं दर चौथ्या आकड्याला टाळी द्यायची, दुसरीनं दर सहाव्याला. मॅडम मोजायला लागल्या. चारला इकडची टाळी, सहाला तिकडची, आठला पुन्हा इकडची. बारा म्हणताच दोन्ही रांगांची टाळी एकदम वाजली आणि छपरावरची कबुतरं उडाली.

"बघितलंत? दोघं आपापल्या चालीनं चाललेत. कुणी कुणासाठी थांबत नाही. तरी बाराला भेट होतेच. पुन्हा चोवीसला, पुन्हा छत्तीसला. त्यातली जी पहिली भेट, तिला म्हणायचं लघुतम साधारण विभाज्य. लसावि."

ते लांबलचक नाव बनाबाईच्या डोक्यावरून गेलं. पण कुणी कुणासाठी थांबत नाही, तरी भेट होतेच, एवढं तिनं नीट ऐकलं. तिची एक भेट नऊ वर्षं होत नव्हती.

ती भेट तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी होती. बनाबाई वरच्या वाडीत दिलेली, ठकुबाई खालच्या. मध्ये पाच मिनिटांची पायवाट आणि जानाईचं देऊळ. देवळाच्या दाराशी दोन कोनाडे आहेत, प्रत्येक वाडीचा एक. रोज संध्याकाळी दोन्ही वाड्यांतली एकेक बाई येऊन आपल्या वाडीचा दिवा लावते. पाळी चुलीवर असते. ज्या घरात चूल, त्या घराला पाळी. वरच्या वाडीत बारा चुली, खालच्या वाडीत अठरा. तारीख, वार कुणी बघत नाही. दिवा लावला की सकाळी तेलाची किटली शेजारच्या घरी द्यायची, बस्स. किटली दारात आली की आज आपली पाळी. एखादं घर बंद करून माणसं पुण्याला गेली तर त्यांची पाळी शेजारीण सांभाळते, पण किटलीचा मुक्काम काही चुकत नाही.

आणि ह्या दोन वाड्यांत आणखी एक रीत आहे. एका वाडीच्या बाईचं दुसऱ्या वाडीच्या बाईशी भांडण झालं आणि ते मिटेना, तर ते जानाईच्या ओटीत घातलं जातं. मग एकमेकींशी बोलायचं नाही, तिसऱ्यानं मध्ये पडायचं नाही, पाळीची अदलाबदल करायची नाही. देवीच्या मनात येईल त्या संध्याकाळी दोघींची पाळी एकत्र येते. त्या दिवशी दोघींनी मिळून गाभाऱ्यातला मधला दिवा लावायचा आणि भांडण तिथंच सोडायचं. रीत शहाणी आहे. तेवढ्या दिवसांत कसलाही राग निवतो, आणि आधी कोण बोललं हा प्रश्नच उरत नाही.

बनाबाईची आई शेवटी ठकुबाईकडे होती. एका पहाटे ती गेली. बनाबाई तेव्हा सुट्टीत डोंगरापल्याड पाहुण्यांकडे होती, आणि ती पोचली तेव्हा सगळं आटपून लोक परत येत होते. आईचं तोंड दिसलं नाही. त्या दुःखाच्या भरात तिनं साऱ्या माणसांत ठकुबाईला सुनावलं, तू मला मुद्दाम कळवलं नाहीस. बाराव्या दिवशी ठकुबाईनं भांडण जानाईच्या ओटीत घातलं. पुढं महिन्याभरात बनाबाईला कळलं, की निरोप्या पहाटेच निघाला होता, वाटेत पाय मुरगळून ओढ्यात बसून राहिला होता. म्हणजे चूक तिचीच होती. एक वाक्य बोलायचं होतं तिला, 'माजं चुकलं' एवढंच. पण ते बोलण्याची संध्याकाळ काही उजाडेना.

तिच्यामागून भांडलेल्या बायकांची भांडणं सुटली. हिचं सुटेना. वाडीत कुजबुज झाली, देवीच बनाबाईवर रुसलीय. बनाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती, तिनं ते कधीच मानून टाकलं होतं. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की दर तिसऱ्या पाळीला ती देवळात जायची तेव्हा शेजारच्या कोनाड्यात आदल्या दिवशीची जळकी वात असायची, उलट्या पिळाची. तसा उलटा पीळ जगात फक्त त्यांची आई द्यायची, आणि आईकडून शिकलेली ठकू. म्हणजे काल ठकू इथं उभी होती. एका दिवसानं चुकामूक. आजही तिची पाळी होती, आणि कालची पाळी ठकूची होती हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शिवाय आता वेळही फार नव्हता. ठकूची नजर मंदावत चालली होती. सारोळ्याला तिच्या मुलाचं गॅरेज होतं आणि संक्रांत झाली की तो आईला कायमची घेऊन जाणार, असं दोन्ही वाड्यांत बोललं जात होतं. मग ठकूची पाळी शेजारीण लावणार, आणि भांडण ओटीतच राहणार.

पोरांना लागलेली खिचडी वाढून झाली. शाळा सुटली. बनाबाईनं पडवीत फरशीवर वाटाण्यांची रांग मांडायला घेतली. एक वाटाणा म्हणजे एक दिवस. पहिला वाटाणा आजचा. तिची पाळी बारा दिवसांनी फिरून येते, म्हणून पहिल्या, तेराव्या, पंचविसाव्या वाटाण्याच्या वर तिनं मटकीचा दाणा ठेवला. ठकूची पाळी कालपासून अठरा दिवसांनी, म्हणून अठराव्याच्या खाली चवळी. मग छत्तिसाव्याच्या खाली. आणि सदतिसाव्याच्या वर पुन्हा मटकी.

तिचा हात थांबला. चवळी आणि मटकी शेजारी शेजारी आली होती. काल आणि आजसारखीच. एका दिवसाचं अंतर, जसंच्या तसं.

रांग पडवी ओलांडून पायरीपर्यंत गेली. बहात्तराव्याखाली चवळी, त्र्याहत्तराव्यावर मटकी. तिनं आणखी वाटाणे घ्यायला डबा ओढला, तेवढ्यात मागून अम्रीन मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे काय मांडलंय?"

बनाबाईनं सगळं सांगितलं. किटल्या, चुली, नऊ वर्षं, निरोप्याचा मुरगळलेला पाय. मॅडम पदर सावरून फरशीवर बसल्या आणि बोटानं वाटाणे मोजत गेल्या.

"पुढं मांडू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बारा आणि अठरा यांचा लसावि छत्तीस. छत्तीस दिवसांत दोन्ही किटल्या फिरून पहिल्या जागी येतात आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून छत्तीस दिवसांत जी भेट झाली नाही, ती कधीच होणार नाही. नऊ वर्षांत नाही, नव्वद वर्षांत नाही."

न पटणाऱ्या माणसांत छत्तीसचा आकडा असतो असं आपण सहज बोलून जातो. इथं तो वाटाण्यांनी मांडून ठेवला होता.

"पर टाळ्या तर जमल्या की," बनाबाई म्हणाली.

"कारण दोन्ही रांगा एकाच वेळी निघाल्या होत्या. तुम्ही दोघी एका दिवसाच्या अंतरानं निघालात. आता बघा." मॅडमनी खडूनं सहा-सहा वाटाण्यांवर रेघा मारल्या. "बारा म्हणजे सहाची दोन पावलं. अठरा म्हणजे सहाची तीन. दोघी सहाच्याच पावलांनी चालताय. मधे अंतर एका दिवसाचं. सहाच्या पावलांनी एकाचं अंतर मिटेल कसं?"

बनाबाई रेघांकडे बघत राहिली. तिला एकदम आठवलं, की तिच्या पाळीला खालच्या वाडीची बाई म्हणून कोण येतं? एकदा फुलाबाई. मग चंद्राबाई. मग सुताराची थोरली सून. मग परत फुलाबाई. खालच्या वाडीत अठरा चुली, आणि नऊ वर्षांत, पावणेतीनशे संध्याकाळी, तिनं फक्त ह्या तिघींबरोबर दिवा लावला होता. रोज दिसणारी गोष्ट तिला कधी दिसलीच नव्हती. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं त्या देवळात येत-जात होती, आणि दोन्ही वाड्यांतल्या एकाही शहाण्या माणसाला तिचा पत्ता नव्हता.

"आदी असं न्हवतं," ती म्हणाली. "आमच्या सासूच्या टायमाला समद्यांची भेट व्हायची. तवा आमच्याकडं अकराच चुली व्हत्या. आई गेली त्याच साली आनंदराव पुण्यावरनं माघारी आला. त्याची बारावी."

मॅडमनी फरशीवर घाईनं आकडे लिहिले, आणि खडू खाली ठेवला. "अकरा आणि अठरा. एकशे अठ्ठ्याण्णव दिवसांत प्रत्येकीची प्रत्येकीशी भेट. एकही जोडी सुटत नाही. मावशी, मी हे गणित चार वर्षं शिकवतेय. पण हे असं कधी बघितलं नव्हतं."

"म्हंजी जानाई रुसली न्हवती माज्यावर?"

देवीबद्दल आपण काय बोलणार, असं मॅडमना वाटलं असावं. मग म्हणाल्या, "ह्या वाटाण्यांत तर रुसवा कुठं दिसत नाही."

बनाबाईनं डोळ्याला पदर लावला. नऊ वर्षांचं ओझं असं दोन मुठी वाटाण्यांनी उतरेल हे तिला खरं वाटेना. रडून झाल्यावर तिनं विचारलं, "आन् तेरा झाल्या तर?"

तेराचं उत्तर अकरासारखंच होतं. तेरा आणि अठरा, दोनशे चौतीस. त्याच्या आत सगळ्या जोड्या.

आता तेरावी चूल आणायची कुठून? ती बनाबाईच्याच घरात तयार होती. तिचा मुलगा गोरख कापूरहोळला टेम्पोनं माल पोचवायचा. त्याची बायको प्रेरणा चार वर्षं वेगळी चूल मागत होती आणि बनाबाई चार वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. माझ्या डोळ्यांदेखत घरात दोन चुली होणार नाहीत, हे तिचं वाक्य वाडीत सगळ्यांना पाठ होतं. त्याच बनाबाईनं रात्री जेवताना सांगितलं, "पलीकडच्या खोलीत तुमची चूल मांडा."

गोरखचा घास तोंडात राहिला. "आये, काय झालं? ही काय बोलली का तुला?"

"ती बिचारी काय बोलतीया. मला तेरा पायजेत."

प्रेरणानं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं आईच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

बनाबाईच्या मनात मात्र एक भीती होती. ही देवीची फसवणूक तर नाही? ती देवळात रखमाजीकडे गेली. रखमाजी म्हातारा, देवळाची झाडलोट त्याच्याकडे आणि पाळीच्या रितीचा शेवटचा शब्दही त्याचाच. सगळं ऐकून तो म्हणाला, "नवी चूल आली की पाळी वाढती, ही रीत मोडता येत न्हाई. पर नावापुरती चूल चालायची न्हाई, बना. दोन महिनं मांडली न् मोडली, असं न्हाई. रोज सैपाक शिजला पायजे. त्यांचं त्यांनी खायचं, तुजं तू."

किंमत त्यानं बरोबर सांगितली होती. त्यानंतर किटली तिसऱ्यांदा दारात आली त्या दिवशी, श्रावणात, पलीकडच्या खोलीत दूध उतू गेलं आणि प्रेरणाचा संसार वेगळा झाला. आदल्या संध्याकाळची पाळी ठकूची होती, उलट्या पिळाची वात कोनाड्यात होती. दुसऱ्या सकाळी किटली आनंदरावांकडे न जाता प्रेरणाच्या दारात गेली. आणि शाळेत एकोणपन्नास पोरांचं पातेलं उतरवणारी बनाबाई घरी येऊन एका माणसाचा भात शिजवायला बसली. तिला अंदाजच येईना. पहिले कितीतरी दिवस भात उरायचा. भिंतीपलीकडून नातीचं हसणं यायचं, ताटांचा आवाज यायचा, आणि ती ठरवून तिकडे जायची नाही.

अम्रीन मॅडमनी पुढचा हिशेब वहीत मांडून दिला होता. नव्या फेरीतली तिची अकरावी पाळी आणि ठकूची आठवी. एकशे त्रेचाळिसाव्या दिवशी. संक्रांतीच्या आत. बनाबाईनं एकशे त्रेचाळीस वाटाणे एका डब्यात मोजून ठेवले आणि रोज त्यातला एक शाळेच्या खिचडीत टाकू लागली; सुट्टीतले वाटाणे शाळा उघडली की एकदम पडायचे. कुठल्या पोराच्या ताटात तो जातो हे तिला माहीत नसायचं, पण रोज कुणीतरी तिचा एक दिवस खाऊन टाकत होतं.

आणि देवळात काय व्हायला लागलं, ते बघायला ती पाळी नसतानाही, ठकूचा दिवस तेवढा सोडून, जाऊन पायरीवर बसायची. ज्या बायका नऊ वर्षं कधी समोरासमोर आल्या नव्हत्या त्या आता येत होत्या. आनंदरावांच्या बायकोला खालच्या वाडीची एक लांबची मावसबहीण सापडली. रखमाजी म्हणाला, "इतकी वर्सं त्याच त्या जोड्या यायच्या. मला वाटायचं, माजीच नजर कंटाळली." एक चूल वाढली होती, बाकी काही नाही. देऊळ तेच, किटल्या त्याच, आणि दोन्ही वाड्यांच्या बायका नव्या सुतानं एकमेकींत विणल्या जात होत्या. बनाबाई ते बघायची आणि तिला वाटायचं, आकडे देवीनंच केले असणार. माणसाच्या डोक्यातून एवढं निघत नाही.

दिवाळीत तिचा जीव एकदा टांगणीला लागला. खालच्या वाडीत एक जण मुलाची चूल वेगळी करणार असं ऐकलं. अठराच्या एकोणीस झाल्या असत्या तर सगळा हिशेब पुन्हा बदलला असता. पण तो मुलगा बायकोला घेऊन उत्रोलीला सासरवाडीच्या शेतावर राहायला गेला आणि अठरा अठराच राहिल्या.

भातं झोडून झाली. थंडी पडली. एका सकाळी डबा उघडला तर तळाशी एकच वाटाणा होता. तिनं तो खिचडीत टाकला, आणि त्या दिवशी पळी जरा जास्तच वेळ फिरवली.

संध्याकाळी ती लवकर जाऊन कोनाड्यापाशी उभी राहिली. तिच्या मनात आलं, मॅडमचा आकडा चुकला असेल तर? खालच्या वाटेवरून फुलाबाई आली तर? वाटेवर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी चाचपत. एका हातात किटली, दुसरा हात भिंतीवर. ठकू. केस पार पांढरे झालेले. गेली नऊ वर्षं बनाबाई लांबूनच तिची पाठ बघत आली होती, चेहरा तिनं आज बघितला. तो हुबेहूब आईचा झाला होता.

ठकुबाईला अंधुक एवढंच दिसलं की कुणीतरी उभं आहे. "वरच्या वाडीची कोन हाय गं आज?" तिनं विचारलं.

एकशे त्रेचाळीस दिवस जे वाक्य बनाबाईनं घोकलं होतं ते कुठंतरी गेलं.

"म्या हाय," ती म्हणाली. "बना."

किटली ठकुबाईच्या हातातून सुटली आणि तेल पायरीवरून वाहत गेलं. दोघींपैकी कुणी ती उचलायला वाकलं नाही. आत रखमाजीनं मधला दिवा पुढं सरकवला आणि तो बाहेर निघून गेला. बनाबाईच्या किटलीतलं तेल, ठकुबाईच्या पदरातली उलट्या पिळाची वात. काडी दोघींनी मिळून धरली, कारण ठकूला वात नीट दिसत नव्हती. दिवा लागला.

"माजं चुकलं, ठके," बनाबाई म्हणाली. "निरोप्या निगाला व्हता. मला मागनं कळलं."

ठकुबाई दिव्याकडे बघत होती. "आक्का, म्या समजत व्हते जानाई माज्यावर रुसली. म्हनलं, आई माज्या दारात गेली न् म्या सोता पळत आले न्हाई तुला सांगाया, निरोप्या धाडला, म्हनून ती आपली भेट व्हऊ देत न्हाई. नऊ वर्सं म्या हेच समजत व्हते."

बनाबाईला आता कळलं. आपण जे ओझं इकडे वाहत होतो तेच पाच मिनिटांच्या पायवाटेच्या खाली ठकूही वाहत होती, तेवढंच, तितकीच वर्षं. हे तिच्या वाटाण्यांत कुठंच आलं नव्हतं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "कुनी रुसलं न्हवतं. बारा न् अठरा, दोगं बी सहा-सहाच्या पावलांनी चालत्यात. आपन एक दिस मागंपुढं व्हतो. कवाच जमलं नसतं. म्हनून म्या प्रेरणाची चूल येगळी मांडली."

ठकुबाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण आक्का आपल्यासाठी हाताची सून वेगळी करून बसली, एवढं कळलं. तिनं चाचपत बनाबाईचा हात धरला. दोघी तशाच दिव्यापुढं बसून राहिल्या.

मग ठकुबाईनं विचारलं, "आता परत कवा येनार आपली पाळी?"

"दोनशे चौतीस दिसांनी," बनाबाईनं लगेच सांगितलं. तो आकडा तिला पाठ होता.

"दोनशे चौतीस." ठकुबाई हसली, आईसारखी, तोंडावर पदर धरून. "तवर देवीला थांबू दे. तू उद्या जेवाया ये. एकटीचा भात कसला शिजिवतीस?"